ठेवणींतलें अरण्य

लग्नाला दहा-बारा वर्षें लोटलीं कीं प्रत्येक नवऱ्याची एक गोष्ट ठरून जाते. ती आपण किती वेळां सांगितली याचा हिशेब त्याला नसतो. बायकोला मात्र असतो. माझ्या एका मित्राची गोष्ट त्यानें कॉलेजांत असतांना मारलेल्या षट्काराची आहे. पटांगणाबाहेर गेलेला चेंडू हलवायाच्या कढईंत पडला, येथवर ती पूर्वीं येत असे. अलीकडे कढईंतलें तूप हलवायाच्या अंगावर उडूं लागलें आहे. दुसऱ्या एका स्नेह्याची गोष्ट त्यानें साहेबाला दिलेल्या सडेतोड उत्तराची. तें उत्तर मनांतल्या मनांत दिलें असावें असा आम्हां सर्वांचा समज आहे. पण त्याची पत्नी तें ऐकतांना अजून मान डोलावते. माझी गोष्ट अरण्याची आहे.

१९८५ सालीं खाणशास्त्राच्या एका वर्षाच्या शिक्षणासाठीं मी तेव्हांच्या पश्चिम जर्मनींतील क्लाउस्थाल या गांवीं राहिलों होतों. हार्ट्स नांवाच्या पर्वताच्या पाठीवर वसलेलें हें जुनें खाणींचें गांव. ‘पर्वत’ हा शब्द उत्तर जर्मनीच्या सपाटीच्या मानानेंच खरा समजावयाचा. हार्ट्सचें सर्वांत उंच शिखर ब्रोकन अवघें ११४१ मीटरांचें. आपलें कळसूबाई १६४६ मीटरांचें. पण हा ठेंगणा डोंगर नखशिखांत अरण्यानें झांकलेला होता, आणि तें अरण्य तरी कसें! स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या पलटणींमागून पलटणी. खोडें ताठ, रांगा सरळ, आणि आंत इतका अंधार कीं भर दुपारीं वाट सोडून दहा पावलें टाकलीं तर देवळाच्या गाभाऱ्यांत शिरल्यासारखें वाटावें. खालीं गळलेल्या सुयांचा जाड थर. त्यावरून चालतांना स्वतःच्या पावलांचाहि आवाज ऐकूं येत नसे.

१९८९ सालीं माझें लग्न झालें, आणि माझ्या पत्नीबरोबर, किंबहुना तिच्या आधींच, या अरण्याचाहि आमच्या संसारांत गृहप्रवेश झाला. जरीच्या लुगड्याप्रमाणें मीं तें ठेवणींत जपलें होतें आणि प्रसंग आला कीं घडी उलगडून दाखवीत असें. आम्ही आंबोलीला गेलों, भीमाशंकरला गेलों, मेळघाटांत दोन रात्री राहिलों. प्रत्येक ठिकाणीं ती एखाद्या झाडाखालीं थांबे, मान मागें टाकून वर पाही, आणि मी म्हणें, “चांगलें आहे. पण हार्ट्समध्यें—” पुढचें वाक्य मला पुरें करावें लागत नसे. तें घरांतल्या सर्वांना पाठ होतें.

मी निवृत्त झाल्यावर, २०२३ च्या जून महिन्यांत, तें अरण्य तिला प्रत्यक्ष दाखविण्याचा योग आला. ग्योटिंगन येथें आम्हीं भाड्यानें एक लहानशी मोटार घेतली. जर्मनींत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात व सुकाणूचें चाक डावीकडे असतें. त्यामुळें पत्नीची जी जागा, ती आपल्याकडे चालकाची. हातांत चाक नाहीं, पायाखालीं ब्रेक नाहीं, दरीची बाजू आपल्या वांट्याला आणि समोरून ओंडक्यांनीं भरलेला ट्रक येत आहे, अशा स्थितींत माणसानें काय करावें? पहिला तासभर तिनें मोटारीच्या तळावर पाय रोवून आपल्यापुरती जी एक गाडी थांबविली, ती मीं चालविलेल्या गाडीहून पुष्कळ अधिक वेळां थांबली असेल.

ओस्टेरोडे गांव मागें पडलें आणि चढ लागला. मी तिला म्हणालों, “आतां डोळे मीट. मी सांगेन तेव्हां उघड.” बासष्टाव्या वर्षीं हा पोरकटपणा शोभत नाहीं हें मला कबूल आहे, पण चौतीस वर्षें ज्या क्षणाची वाट पाहिली तो कांहीं समारंभावांचून जाऊं द्यावयाचा नव्हता. तिनें निमूटपणें डोळे मिटले. मी पहिलें वळण घेतलें, दुसरें घेतलें. तिसरें घेतलें तरी माझ्या तोंडून शब्द निघेना.

“उघडूं का?” तिनें विचारलें.

“थांब. रस्ता चुकलेला दिसतो.”

तिनें डोळे उघडले, मोबाइलवरचा नकाशा पाहिला, मग समोर पाहिलें. “रस्ता बरोबर आहे,” ती हलक्या आवाजांत म्हणाली.

डोंगर उघडा होता. जेथें माझा गाभारा होता तेथें बुंध्यांची खुंटें होतीं आणि रस्त्याच्या कडेला, एकाच मापांत कापलेल्या ओंडक्यांच्या राशी. पुढें गेल्यावर झाडें दिसूं लागलीं, पण तीं न दिसतीं तर बरें असें वाटलें. साल गळालेलीं, सुया गळालेल्या, राखेच्या रंगाचीं शेंकडों खोडें माशाच्या कांट्यांसारखीं उभीं होतीं, आणि त्यांच्यामधून पलीकडचें आकाश दिसत होतें. त्या अरण्यांतून आकाश दिसूं शकतें ही कल्पनाच मला नवी होती. क्लाउस्थालमध्यें शिरलों. तेथील निळें लांकडी चर्च, १६४२ सालचें, आपल्या जागीं होतें. जर्मनींतलें तें सर्वांत मोठें लांकडी चर्च म्हणून मीं तें पत्नीला दाखविलेंहि. पण लांकडाचा महिमा सांगण्याचा तो दिवस नव्हता. आम्ही फार वेळ थांबलों नाहीं.

तेथून आल्टेनाऊवरून आम्ही टॉर्फहाउसला पोंचलों. ब्रोकनसमोरच्या पठारावरची ही चार-दोन इमारतींची वस्ती आहे. तेथें हार्ट्स राष्ट्रीय उद्यानाचें माहितीकेंद्र आहे. मी तेथील तरुण सेवकापाशीं जवळजवळ फिर्याद घेऊनच गेलों. त्याला अशा फिर्यादींची सवय असावी. त्यानें शांतपणें सर्व हकीकत सांगितली. २०१८ च्या जानेवारींत मोठें वादळ झालें आणि हजारों झाडें उन्मळून पडलीं. त्याच वर्षीं उन्हाळ्यांत पाऊस पडला नाहीं. १९ आणि २० हीं सालेंहि कोरडींच गेलीं. स्प्रूसचीं मुळें उथळ. त्याला पाण्याचा ताण सोसत नाहीं. आणि मग साल पोंखरणारा किडा आला. हा जेमतेम पांच मिलिमीटर लांबीचा प्राणी. धडधाकट झाड त्याला आपल्या राळेंत बुडवून मारतें. तहानलेल्या झाडापाशीं राळच उरत नाहीं. नर सालीला भोंक पाडतो, वास सोडून सोबत्यांना बोलावतो, माद्या सालीखालीं उभे बोगदे खणून त्यांत अंडीं घालतात, आणि अळ्या दोहों बाजूंना आडवे बोगदे कोरीत जातात. झाडाचा अन्नरस ज्या थरांतून वाहतो तो थरच कापला जातो. उन्हाळा लांबला कीं एकाच वर्षांत दोन-तीन पिढ्या निपजतात. राष्ट्रीय उद्यानांतील बहुतेक स्प्रूस अशा रीतीनें थोड्याच वर्षांत मेले. रस्त्याजवळचीं झाडें अंगावर पडूं नयेत म्हणून तोडतात. बाकीचीं तशींच उभीं ठेवतात, कारण निसर्गाला निसर्ग होऊं द्यावें हें त्या उद्यानाचें ब्रीद आहे.

या किड्याला जर्मन भाषेंत ‘बुखड्रुकर’ म्हणतात, म्हणजे पुस्तकें छापणारा, मुद्रक. त्याच्या शास्त्रीय नांवांतहि ‘टायपोग्राफस’ हा शब्द आहे. मेजावर सालीचा एक खपला पाहणाऱ्यांसाठीं ठेवला होता. पत्नीनें तो हातांत घेतला, उभा धरून पाहिला, मग आडवा केला. आडवा करतांच ती मधली लांब रेघ शिरोरेघेसारखी दिसूं लागली आणि तिला लोंबणाऱ्या बारीक बोगद्यांचीं अक्षरें झालीं. “अहो, हा कसला छापतो?” ती म्हणाली. “हा मोडी लिहितो आहे.” तिच्या माहेरीं आजोबांच्या दप्तरांत असे कागद होते. सेवकाला मोडी म्हणजे काय तें समजावून देण्याचें काम माझ्याकडे आलें, आणि जर्मन भाषा किती विसरलों आहें हें त्या निमित्तानें कळलें.

पण त्या तरुणानें पुढें जें सांगितलें तें मला अधिक लागलें. तो म्हणाला कीं, मेलें तें अरण्य नव्हतेंच; तें शेत होतें. या डोंगराच्या मधल्या व खालच्या उतारांवर मूळचीं बीच वगैरे रुंद पानांचीं झाडें होतीं. स्प्रूस आपण होऊन उगवे तो केवळ माथ्याकडच्या थंड उंचीवर. मध्ययुगापासून येथें चांदी, शिसें व तांबें यांच्या खाणी चालल्या. खाणींना आधाराचे खांब हवेत, भट्ट्यांना कोळसा हवा. त्यांत जुनें वन संपलें. मग अठराव्या शतकापासून लवकर वाढतो आणि सरळ वाढतो म्हणून जिकडे तिकडे स्प्रूस लावला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनीं नुकसानभरपाई म्हणून येथलीं झाडें मोठ्या प्रमाणावर तोडून नेलीं, तेव्हां उघड्या पडलेल्या उतारांवर पुन्हां स्प्रूसच लावण्यांत आला. तो लावणाऱ्यांत बव्हंशीं स्त्रिया होत्या. हें ऐकतांना मला एकदम आठवण झाली ती पन्नास फेनिगच्या नाण्याची. त्या नाण्यावर गुडघा टेंकून रोपटें लावणारी एक बाई कोरलेली होती. रोपटें ओकचें होतें, पण युद्धानंतर उजाड वनभूमीवर राबलेल्या अशाच बायांचा तो गौरव मानला जाई. सबंध वर्षभर ती बाई माझ्या खिशांत होती. ती काय लावीत आहे आणि कां, हें मीं कधीं विचारलें नाहीं.

खाणशास्त्राच्या विद्यार्थ्याला हें सर्व ठाऊक असावयास हवें होतें. खाणींतला लोखंडी तारांचा दोर १८३४ सालीं प्रथम क्लाउस्थालच्या परिसरांतच वापरला गेला हें मला पाठ होतें. चक्रें फिरविण्यासाठीं बांधलेल्या ओडरटाइख तलावाचें बांधकाम १७१५ ते १७२२ या काळांत झालें, हें मीं परीक्षेंत लिहिलेंहि होतें. पण ज्या अरण्याचा मी भक्त, त्याच्या रांगा सरळ कां, हा प्रश्न मला अडतीस वर्षांत एकदांहि पडला नाहीं. निसर्गाला रांगेंत उभें राहण्याची शिस्त कोणी लावली? घरीं असतांना तरी शंका यावयास हवी होती. आपल्याकडील सरकारी सागवानहि रांगेंतच उभें असतें, आणि हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला इन्स्पेक्टर जनरल, १८६४ सालीं नेमलेला डीट्रिख ब्रांडिस, हा जर्मनच होता. आणखी एक गोष्ट त्या तरुणाला मीं सांगितली नाहीं, ती येथें सांगतों. १९८५ सालींहि तेथील वर्तमानपत्रें ‘वन मरत आहे’ म्हणून आकांत करीत होतीं. कारण निराळें होतें. कारखान्यांच्या धुरामुळें आम्लयुक्त पाऊस पडत होता. मला मथळे वाचतां येत, मजकूर पुरा कळत नसे. मीं मथळे सोडून दिले आणि झाडें घेतलीं.

बाहेर आलों तों पत्नी दिसेना. टॉर्फहाउसला लागूनच दलदलीचें मैदान आहे व त्यावरून फळ्यांची पायवाट नेलेली आहे. ती त्या वाटेच्या टोंकाला पोंचली होती. मी मान वर करून मेलेलीं खोडें मोजीत तेथवर गेलों. ती मान खालीं घालून उभी होती. तिच्या पायांशीं बिलबेरीचीं ठेंगणीं झुडपें पसरलीं होतीं. खोडांच्या मधून गुडघ्याएवढे बर्च उठले होते, रोवनच्या पोरसवदा झाडांवर पांढरे झुबके होते, आणि उतारावर जांभळ्या घंटांसारख्या फुलांचे तुरे, एक-दोन नव्हे, सबंध उतारभर. पडून कुजत चाललेल्या एका ओंडक्यावर बोटाएवढीं स्प्रूसचीं रोपें एका ओळींत उगवलीं होतीं. ही रांग मात्र कोणी लावलेली नव्हती. कोठें तरी सुतारपक्षी ठोकीत होता.

“इतकें ऊन आहे म्हणून हें सारें आलें,” ती म्हणाली. “तुमच्या त्या अंधारांत यांतलें काय उगवलें असतें?” ती मूळची सिंधुदुर्गांतली. तिला सड्याची आठवण झाली. “मे महिन्यांत आमच्या सड्यावर कोणी आला तर त्याला काय दिसेल? काळा कातळ. तो म्हणेल, येथें सारें मेलें आहे. आणि पावसाळ्यांत येऊन पाहावें म्हणजे पाय ठेवावयाला जागा नाहीं इतकीं फुलें.”

मला तिचा राग आला. तो रास्त नव्हता, पण आला. मी सुतकांत होतों आणि ती फुलें पाहत होती.

त्याच रागांत आम्ही ब्राउनलागेवरून एलेंडकडे निघालों. या बाजूला झोर्गे आणि एलेंड अशीं दोन गांवें आहेत. जर्मन भाषेंत एकाचा अर्थ चिंता, दुसऱ्याचा दैन्य. ग्योटेनें आपल्या ‘फाउस्ट’मधील चेटकिणींचा मेळा शीर्के आणि एलेंड यांच्या परिसरांतच भरविला आहे. दोन्ही गांवें जुन्या सरहद्दीच्या पलीकडचीं, पूर्वेकडचीं. सरहद्द जेथें होती तेथें आतां, अमुक दिवसापर्यंत जर्मनी आणि युरोप येथें दुभंगलेले होते, अशा अर्थाच्या पाट्या लावलेल्या असतात. पाटी वाचून होईपर्यंत मोटार सरहद्द ओलांडून गेलेली असते. बोलावयास कांहीं तरी हवें म्हणून मी सांगूं लागलों. १९६१ ते १९८९ ब्रोकन सामान्य माणसाला बंद होता. माथ्यावर रशियन आणि पूर्व जर्मन टेहळणीचीं ठाणीं होतीं, सभोंवतीं कांक्रीटची भिंत होती. मी टॉर्फहाउसला येऊन तासन् तास त्या शिखराकडे पाहत उभा राहत असें.

“तुमच्याबरोबर कोण असे?” तिनें विचारलें.

“कोणी नाहीं.”

“तुमच्या या गोष्टींत कधींच कोणी नसतें,” ती म्हणाली. कांहीं वेळानें, खिडकीबाहेर पाहत, तिनें पुढें म्हटलें, “आंबोलीला मी तुम्हांला पहिल्यांदा घेऊन गेलें, तेव्हां मला कांहीं दाखवावयाचें होतें. तुम्ही ‘पण’ म्हणालांत. मग मीं तें दाखविलें नाहीं.”

“काय दाखवावयाचें होतें?”

“आतां काय त्याचें!”

एलेंड गांवाची पाटी आली. जुन्या जर्मन भाषेंत या शब्दाचा अर्थ ‘परका मुलुख’ असा होता. परक्या मुलुखांत पडलेल्याची जी दशा, तें दैन्य, असा तो पुढें सरकला. १९८५ सालीं हें गांव तारांच्या कुंपणापलीकडे होतें, पण त्याचा अर्थ माझ्या खोलीवर मुक्कामाला होता. मी मोटार गांवाबाहेर बाजूला उभी केली आणि चौतीस वर्षांत जी गोष्ट कधीं सांगितली नव्हती ती सांगितली. मी दर रविवारीं अरण्यांत जात असें तो कांहीं वृक्षप्रेमानें नव्हे. रविवारीं तेथें दुकानें बंद असतात, रस्ते ओस पडतात, आणि माझ्याशीं बोलणारें त्या गांवांत कोणी नव्हतें. अरण्यांत बोलावें लागत नाहीं. म्हणून तेथें एकटा माणूस एकटा दिसत नाहीं. त्या सुयांच्या गालिच्यावर बसून मी एकदां नव्हे, पुष्कळदां रडलों आहें. घरीं पत्र लिहावयास बसलों कीं, झाडें फार उंच आहेत असें लिहीत असें. तें लिहिणें सोपें होतें. आईला त्यानें आनंद होई. परत आल्यावर जो तो त्या झाडांविषयींच विचारूं लागला, आणि सांगतां सांगतां मलाहि तेंच खरें वाटूं लागलें.

तिनें कांहीं उत्तर दिलें नाहीं. पण मोटार पुन्हां सुरू केली तेव्हां तळावर रोवलेला तिचा पाय सैल झालेला मला दिसला.

त्या रात्रीं आम्ही शीर्के येथें उतरलों, आणि दुसऱ्या दिवशीं तेथून वाफेच्या गाडीनें ब्रोकनवर गेलों. मीटर रुंदीच्या रुळांवरून माथ्यापर्यंत जाणारी ही गाडी १८९९ सालीं सुरू झाली. आपल्या माथेरानच्या गाडीहून आठ वर्षांनीं वडील आणि अंगानें थोराड. दोहों बाजूंस तेंच राखी खोडांचें रान होतें आणि त्याच्या पायांशीं तेंच हिरवें पोरबाळ. ज्या वर्षीं आमचें लग्न झालें त्याच वर्षीं, ३ डिसेंबरला, लोकांनीं वर चढून जाऊन हा माथा मोकळा करविला. आतां ती भिंत नाहीं. माझी मनीषा एवढीच होती कीं, जेथून मी ब्रोकनकडे पाहत असें ती टॉर्फहाउसची जागा ब्रोकनवरून एकदां पाहावी. पण वर्षांतील सुमारें तीनशें दिवस या माथ्यावर धुकें असतें, आणि आमचा दिवस त्या तीनशेंपैकीं निघाला. दहा हातांवरचा माणूस दिसत नव्हता. मी धुक्याकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिलों. पत्नी उपाहारगृहांत जाऊन, सॉसेज न घातलेलें मिळतें का याची खुणांनीं चौकशी करून, वाटाण्याच्या दाट सूपाचे दोन वाडगे घेऊन बसली होती. “या,” ती म्हणाली, “निवून जाईल. हिंग-मोहरीची फोडणी दिली असती तर आमटीच झाली असती.”

परत निघालों तेव्हां पाऊस लागला होता. एलेंड मागें टाकल्यावर ती आपण होऊन बोलूं लागली. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापासून कांहीं अंतरावर एक जुनें जांभळीचें झाड होतें. तिची आजी घाट चढून येई तेव्हां डोक्यावरचा भारा त्या झाडाखालीं उतरवी. खोडांत एक खळगा होता, त्यांत पावसाचें पाणी सांचे, आणि आजी भारा सोडून पान खाई तोंवर नात त्या पाण्यांत आपलें तोंड पाही.

“अजून आहे का तें झाड?” मीं विचारलें.

“तेव्हां होतें,” ती म्हणाली. “तुम्ही त्याला पाठ टेंकून बसलां होतांत.”

मग तिनें त्या आजीविषयीं सांगावयास सुरुवात केली. पावसाच्या आवाजांत नीट ऐकूं येईना, म्हणून मीं मोटारीचा वेग कमी केला. मागच्या मोटारवाल्यानें दोनदां भोंगा वाजविला. शेवटीं मीं गाडी कडेला घेऊन त्याला पुढें जाऊं दिलें.